रामचंद्र, सी.

रामचंद्र, सी. : (१२ जानेवारी १९१८—५ जानेवारी १९८२). हिंदी व मराठी चित्रपटसृष्टीतील ख्यातनाम संगीत-दिग्दर्शक, पार्श्वगायक व नट. संपूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. अमेरिकेतील स्विंग, जॅझ आणि त्यांपाठोपाठ आलेला रॉक अँड रोल या नृत्यप्रधान संगीतप्रकारांचे ठेके व वाद्यमेळ हिंदी चित्रपटगीतांत रुजविणाऱ्या आद्य संगीतकारांत त्यांची गणना होते. ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील त्यांचे ‘ईना मीना डीका’ हे गीत भारतीय चित्रपटांतील अगदी आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांपैकी एक होय. ‘अनारकली’ (१९५३) मधील विरहगीते आणि १९६३ साली प्रथम गायिले गेलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीतही त्यांचेच. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या या रचना एकाच संगीतकाराच्या आहेत, ही गोष्ट त्यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवावी लागते.

जीवन व संगीतशिक्षण : त्यांचा जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या पुणतांबे या गावी झाला. नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात त्यांनी काही काळ संगीताचे धडे घेतले. पुढे पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन (१८९८—१९७५) यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. विनायकबुवा हे ग्वाल्हेर घराण्याचे मातब्बर गायक व विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य. तराण्याच्या गायकीसाठी त्यांची विशेष ख्याती होती. चितळकरांना लहानपणापासून गाण्याइतकीच अभिनयाचीही ओढ होती व चित्रपटव्यवसायात त्यांचे पहिले पाऊल पडले ते नट म्हणून. वाय्. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. परंतु तो चित्रपट चालला नाही. त्यानंतर मुंबईस सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या संस्थेत ‘सैद-ए-हवस’ (१९३६), ‘आत्मतरंग’ (१९३७) यांसारख्या चित्रपटांत त्यांना किरकोळ भूमिकांवर समाधान मानावे लागले. याच संस्थेत बुंदू खाँ व हबीब खाँ या संगीत-दिग्दर्शकांचे पेटीवादक-साथीदार म्हणून काम करताना गीताची चाल कशी बांधली जाते, ती वाद्यवृंदाला कशी दिली जाते आणि ध्वनिमुद्रणाच्या मर्यादेत ती कशी बसविली जाते, याचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना मिळाले.

स्वतंत्र संगीत-दिग्दर्शक म्हणून त्यांची सुरुवात मराठी वा हिंदीत न होता तमिळमध्ये झाली. १९४०–४१ च्या सुमारास ‘जयक्कोडी’ व ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. हिंदीत भगवान आभाजी पालव (१९१३—२००२) ऊर्फ मास्टर भगवान यांचा ‘सुखी जीवन’ (१९४२) हा त्यांचा पहिला उल्लेखनीय चित्रपट. गिरणी कामगाराच्या कुटुंबातून आलेले, हाणामारीच्या कमी खर्चाच्या चित्रपटांत वावरलेले भगवान आणि पुणतांब्याहून आलेले पेटीवादक चितळकर यांचा हा स्नेह पुढे दीर्घकाळ टिकला व त्यातूनच ‘अलबेला’ (१९५१) हा चित्रपट निर्माण झाला. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि क्वचित राम चितळकर, श्यामू, अण्णासाहेब अशा वेगवेगळ्या नावांनी त्यांनी काम केले. स्नेही त्यांना ‘अण्णा’ म्हणत.

पार्श्वभूमी : चितळकरांच्या संगीतातील पाश्चात्त्य अंगाचा उगम समजण्यासाठी तत्कालीन मुंबईतील संगीतजीवनाकडे पाहावे लागते. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात व अन्य मोठ्या हॉटेलांतून नृत्यवृंदांचे कार्यक्रम नियमाने होत. लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांनी तेथे जॅझ-संगीत आणले. त्यांच्या समवेत वा त्यांच्या पाठोपाठ वाजविणारे बहुसंख्य वादक गोमंतकीय होते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या ग्रामशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, व्हायोलिन वाजविणे व समूहगायन यांचे शिक्षण मिळे. त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू-लिहू शकणारा वादकांचा एक मोठा वर्ग तेथे तयार झाला होता. उपजीविकेसाठी हे वादक मुंबई, कलकत्ता, कराची, रंगून अशा शहरांत जात. १९६१ पूर्वी कायद्याच्या दृष्टीने ते परकीय प्रजाजन होते. पण मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद प्रामुख्याने त्यांच्याच हातांनी उभा राहिला.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील नृत्यरजनींना ओहोटी लागली. इंग्रज व अँग्लो-इंडियन श्रोतृवर्गही स्वातंत्र्यानंतर घटत गेला. परिणामी रात्री हॉटेलात वाजविणारे अनेक वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. नेमक्या याच काळात चित्रपटगीतांतील वाद्यवृंद मोठा होत होता. ‘खजांची’ (१९४१) या चित्रपटात गुलाम हैदर यांनी पंजाबी लोकसंगीताचे जोमदार ठेके आणून चित्रपटगीताची संथ चाल मोडली होती. चितळकरांनी लयीच्या या मोकळिकीला दुसऱ्या दिशेने पुढे नेले. अमेरिकी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या स्विंग-संगीताचा त्यांच्यावर विशेष प्रभाव होता. आल्टो सॅक्सोफोन, गिटार व हार्मोनिका यांचा मेळ, तुतारीवजा ट्रंपेटची धारदार वाक्ये, बोंगोचा ठेका, शिट्टीचा वापर ही त्यांच्या रचनांची वैशिष्ट्ये बनली.

संगीतरचना : ‘शहनाई’ (१९४७) या प्यारेलाल संतोषी दिग्दर्शित चित्रपटातील ‘आना मेरी जान’ या गीताने त्यांना देशभर प्रसिद्धी मिळाली. मिश्र हिंदी-इंग्रजी शब्द, शिट्टी, हसतखेळत केलेला संवाद आणि नाचरी लय यांमुळे हे गीत तत्काळ लोकप्रिय झाले; त्याचबरोबर ते उथळ व अभिरुचिहीन असल्याची टीकाही झाली. ‘पतंगा’ (१९४९) मधील रंगूनच्या दूरध्वनीचे गीत शमशाद बेगम व चितळकर यांनी गायिले. ‘समाधी’ (१९५०) या आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटात ‘गोरे गोरे’ हे लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांनी गायिलेले गीत एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदामुळे गाजलेल्या एका लॅटिन-अमेरिकी धाटणीच्या गीतावर आधारित होते. ‘अलबेला’ मध्ये त्यांची ही शैली पूर्णत्वास पोहोचली. त्यातील ‘शोला जो भडके’ या गीतात बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांचा मेळ त्यांनी घातला, तर ‘धीरे से आजा री’ ही अंगाईही त्याच चित्रपटातली. राजेंद्रकृष्ण यांची गीते, लता मंगेशकर व चितळकर यांचे स्वर, गीता बाली व भगवान यांचे नृत्य यांच्या योगाने हा चित्रपट अत्यंत यशस्वी ठरला. भगवान यांची हात हलवीत, पावले सरकवीत केलेली साधी नृत्यशैली सामान्य माणसाला सहज उचलता येण्याजोगी होती. महाराष्ट्रातील गणेश विसर्जनाच्या मिरवणुकांत व लग्नाच्या वरातींत ती आजतागायत दिसते. ‘शिन शिनाकी बूबला बू’ (१९५२) या चित्रपटाच्या शीर्षकगीतातही निरर्थक अक्षरांची व झपाट्याच्या लयीची ही आवड प्रकट झाली.

रॉक अँड रोल हा प्रकार यानंतर भारतात आला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीतातून, त्याला गोऱ्या ग्रामीण संगीताची जोड मिळून, हा प्रकार १९५० नंतर आकारास आला. क्लीव्हलंड येथील नभोवाणी-निवेदक ॲलन फ्रीड यांनी त्याचे नाव प्रचारात आणले. १९५४ मध्ये बिल हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले, त्याच वर्षी मेंफिस येथील सन रेकॉर्ड्स या संस्थेने एल्व्हिस प्रेस्ली यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि १९५५ मध्ये चक बेरी व लिटल रिचर्ड यांची गीते गाजली. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ढोलाचा (ड्रमचा) ठळक आघात, बारा आवर्तनांचा ब्लूजचा आराखडा, विद्युत् गिटार किंवा सॅक्सोफोनचे आवेशपूर्ण एकलवादन आणि शब्दार्थापेक्षा उच्चाराच्या झटक्याला दिलेले महत्त्व ही या प्रकाराची प्रमुख लक्षणे होत. ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांच्याद्वारे तो अल्पावधीत जगभर पसरला. तरुण पिढीचे स्वतंत्र संगीत अशी त्याची ओळख निर्माण झाली व बहुतेक देशांत वडीलधाऱ्यांच्या रोषालाही तो पात्र ठरला.

‘आशा’ हा एम्. व्ही. रामन दिग्दर्शित चित्रपट १९५७ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील ‘ईना मीना डीका’ हे राजेंद्रकृष्ण यांचे गीत किशोरकुमार व आशा भोसले यांच्या आवाजांत दोनदा येते. मुलांच्या खेळातील मोजणीच्या बडबडगीतावरून गीताचा मुखडा सुचल्याचे व चितळकरांचे गोमंतकीय सहकारी जॉन गोम्स यांनी त्यात ‘माका नाका’ (मला नको) या कोकणी शब्दांची भर घातल्याचे सांगितले जाते. याप्रमाणे इंग्रजी बालगीत, कोकणी बोली, हिंदी कवी, बंगाली कुटुंबातील गायक, मराठी गायिका व मराठी संगीतकार यांच्या संयोगातून हे गीत सिद्ध झाले. त्याची लय द्रुत चौमात्रिक आहे. पितळी वाद्यांचे तुकडे गायकाच्या ओळींना उत्तरे देतात आणि सॅक्सोफोनची आघातयुक्त वाक्ये गीताचा वेग सांभाळतात. बारा आवर्तनांचा ब्लूजचा आराखडा मात्र येथे काटेकोरपणे पाळलेला नाही. मुखडा व अंतरा ही चित्रपटगीताची परिचित चौकटच कायम आहे. रॉक अँड रोलचा बाह्य आवेग घेऊन तो देशी गीतबंधात बसविण्याची ही रीत पुढील अनेक संगीतकारांनी स्वीकारली.

या गीतातील निरर्थक अक्षरांच्या उच्चाराचे नाते जॅझमधील ‘स्कॅट’ गायनाशी जोडले जाते व ते योग्यच आहे. तथापि अर्थहीन अक्षरांतून लयीचा खेळ मांडण्याची परंपरा हिंदुस्थानी संगीतात तराण्याच्या रूपाने फार पूर्वीपासून आहे. तोम्, तनन, दिर, दानी यांसारख्या बोलांनी तराणा गाताना शब्दार्थाचा भार उतरतो व लय मोकळी होते. तराण्याच्या एका श्रेष्ठ गायकाकडे शिकलेल्या संगीतकाराला हा प्रकार पूर्णपणे परका वाटला नसावा. तसेच रॉक अँड रोलची चौमात्रिक चाल आणि चित्रपटगीतांत सर्वाधिक रूढ असलेला आठ मात्रांचा केरवा यांत मूलभूत विरोध नाही. फरक आहे तो आघाताच्या स्थानांचा. केरव्यात भर पहिल्या मात्रेवर पडते, रॉकमध्ये ती उलट बाजूला सरकते. चितळकरांच्या गीतांत या दोहोंची सांगड पडलेली दिसते. त्यामुळेच मुंबईच्या बँडवाल्यांपासून खेड्यातील ताशेवाल्यांपर्यंत कोणालाही ती आपल्या वाद्यांवर वाजविता आली.

वाद्यसंयोजक व सहकारी : चितळकर चाल बांधीत ती पेटीवर वा स्वतःच्या गळ्यातून. ती चाल स्वरलिपीत उतरविणे, निरनिराळ्या वाद्यांना त्यांचे भाग लिहून देणे, मधल्या जागा भरणे व ध्वनिमुद्रणाच्या वेळी वृंदाचे संचालन करणे ही कामे वाद्यसंयोजकाकडे असत. चितळकरांच्या सहायकांत चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक आंतोनियु शाव्हिएर वाझ (१९१६—१९६७) हे प्रमुख होते. ते गोव्यातील हळदोणे गावचे. लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादनशैलीचा त्यांच्यावर इतका प्रभाव होता, की त्यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई. ‘अलबेला’ मधील एका गीतदृश्यात ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. अन्य संगीतकारांकडे सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांसारखे गोमंतकीय कलावंत हीच कामगिरी करीत होते.

ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर संगीत-दिग्दर्शक, गीतकार व गायक यांची नावे छापली जात. वाद्यसंयोजकाचे व वादकांचे नाव सहसा नसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘सहायक’ या एका शब्दात त्यांचे काम संपत असे. त्यामुळे एखाद्या गीतातील ट्रंपेटचे वाक्य संगीत-दिग्दर्शकाला सुचले की ते वाजविणाऱ्याला, हे ठरविणे आज अनेकदा अशक्य होते. ‘ईना मीना डीका’ सारख्या गीताचे श्रेय एका व्यक्तीला देताना ही मर्यादा विसरून चालत नाही. चितळकरांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी या सहकाऱ्यांच्या संगीताला केवळ पार्श्वभूमीवर न ठेवता गीताच्या केंद्रस्थानी आणले. वादक ज्या संगीतात मुरलेले होते, तेच संगीत त्यांच्याकडून वाजवून घेतले. एकविसाव्या शतकात या वादकांच्या कार्याचा शोध घेणारे लेखन झाले व त्यांची नावे काही प्रमाणात उजेडात आली. परंतु त्यांपैकी बहुतेकांना ही दखल हयातीत लाभली नाही.

विरोध व प्रसार : चितळकरांच्या ऐन बहराच्या काळातच चित्रपटसंगीताला शासकीय नभोवाणीवरून माघार घ्यावी लागली. १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी अभिजात संगीताच्या प्रसारास अग्रक्रम दिला. पाश्चात्त्य चालींच्या अनुकरणाने चित्रपटगीते हीन दर्जाची होत असल्याचे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. याच काळात रेडिओ सिलोनने हिंदी चित्रपटगीतांचे प्रक्षेपण सुरू ठेवले. १९५२ मध्ये आरंभ झालेला अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम देशभर ऐकला जाऊ लागला. श्रोते आकाशवाणीकडून सिलोनकडे वळल्यामुळे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही मनोरंजनपर सेवा सुरू करावी लागली. ‘आशा’ चित्रपटही त्याच वर्षीचा.

या वादाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणसे होती आणि दोहोंच्याही मागे महाराष्ट्रातील अभिजात संगीताचे संस्कार होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. केसकर स्वतः अभिजात संगीताचे जाणकार होते; चितळकर विनायकबुवांचे विद्यार्थी होते. एकाला परकी ठेका म्हणजे परंपरेचा ऱ्हास वाटला, दुसऱ्याला ते परंपरेच्या हाती आलेले नवे साधन वाटले. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमलाही एकलवादनाचे वा साथीचे स्थान नाकारले होते. चितळकरांच्या सर्व चाली ज्या वाद्यावर जन्मल्या, ते वाद्यही मूळचे युरोपीयच होते. स्वीकार व बहिष्कार यांच्या सीमारेषा काळागणिक कशा बदलतात, याचे हे बोलके उदाहरण होय. केसकरांच्या आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येत नाही. उचललेल्या चालींचा मोठा पूर त्या काळात आला होता व चितळकरांच्याही काही रचना त्यातून सुटत नाहीत. परंतु प्रक्षेपण थांबविण्याने अभिरुची घडली नाही. ती सीमेपलीकडच्या केंद्राकडे निघून गेली.

भावगीते व अन्य कार्य : पाश्चात्त्य ढंगाच्या गीतांनी चितळकरांची एक प्रतिमा रूढ झाली असली, तरी त्यांच्या कार्याचा मोठा भाग रागाधारित व भावप्रधान रचनांनी व्यापला आहे. ‘अनारकली’ मधील लता मंगेशकर यांनी गायिलेली गीते त्यांच्या उत्कृष्ट रचनांत मोडतात. ‘आझाद’ (१९५५) या श्रीरामुलु नायडू दिग्दर्शित चित्रपटाची गीते त्यांनी अत्यंत अल्प अवधीत सिद्ध केली व त्यांतील एका युगुलगीतात स्वतः दिलीपकुमार यांच्यासाठी पार्श्वगायन केले. व्ही. शांताराम यांच्या ‘परछाईं’ (१९५२), ‘नवरंग’ (१९५९) व ‘स्त्री’ (१९६१) या चित्रपटांना त्यांचेच संगीत होते. ‘नवरंग’ मध्ये पाश्चात्त्य वृंदाचा सोस बाजूला ठेवून त्यांनी ढोलक, घुंगरू, लोकगीतांचे ठेके व मराठी नाट्यसंगीताच्या वळणाची गायकी यांचा आश्रय घेतला. १९५३ च्या सुमारास त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही संस्था काढून ‘झांझर’, ‘लहरें’ व ‘दुनिया गोल है’ हे चित्रपट निर्माण केले. त्यांना व्यावसायिक यश लाभले नाही. लता मंगेशकर यांच्याशी असलेले त्यांचे सांगीतिक साहचर्य १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खंडित झाले व त्याचा परिणाम त्यांच्या पुढील कारकीर्दीवर जाणवला. या दोघांचा पुन्हा योग आला तो चीनशी झालेल्या युद्धानंतर. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्ली येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत लता मंगेशकर यांनी चितळकरांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली गायिले. चित्रपटाबाहेरचे हे गीत राष्ट्रीय समारंभांचा अविभाज्य भाग बनले.

१९६० नंतर हिंदीत त्यांचे काम घटले. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर आदी संगीतकारांनी मोठ्या वृंदाचे व नाचऱ्या लयीचे संगीत सर्वत्र रूढ केले. जी वाट चितळकरांनी पाडली, तीवर आता त्यांची मक्तेदारी उरली नव्हती. यानंतर ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) व ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटांची निर्मिती, संगीत व अभिनय या तीनही बाजू त्यांनी सांभाळल्या. ‘घरकुल’ ची गीते विशेष लोकप्रिय झाली. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’ या कृष्णचरित्रपर गीतमालेलाही त्यांनी चाली दिल्या. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक हिंदी चित्रपटांना व त्यांखेरीज मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

वारसा : चितळकरांनंतर रॉक अँड रोलचा प्रवाह चित्रपटसंगीतात दोन अंगांनी वाहिला. ‘गुमनाम’ (१९६५) मधील शंकर-जयकिशन यांच्या ‘जान पहचान हो’ या गीतात मुंबईतील टेड लायन्स यांचा वृंद पडद्यावर आला; हेच गीत पुढे २००१ मधील ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटात वापरले गेल्याने पाश्चात्त्य श्रोत्यांना परिचित झाले. राहुलदेव बर्मन यांनी विद्युत् गिटार व तालवाद्यांच्या नव्या प्रयोगांनी या प्रवाहाला पुढचे वळण दिले. दुसरीकडे चित्रपटाबाहेर, शहरी महाविद्यालयीन तरुणांत, इंग्रजी गीते गाणारे स्वतंत्र रॉक-वृंद उदयास आले. नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे (मृत्यू २०१४) हे या पिढीतील ठळक मराठी नाव. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक-संगीतिकेत त्यांनी जूडासची भूमिका केली व नंतर पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशांचा तमाशा’ (१९७८) मध्येही ते गायक-नट म्हणून सहभागी झाले. शहरी इंग्रजी रॉक आणि मराठी रंगभूमी यांच्यातील अंतर त्यांच्या रूपाने थोडेबहुत कमी झाले.

पाश्चात्त्य अर्थाने चितळकरांना रॉक अँड रोलचे कलावंत म्हणता येणार नाही. त्यांनी गिटार घेऊन मंचावर गायिले नाही, वृंद स्थापन केला नाही व या प्रकाराचा हट्टही धरला नाही. पुढच्याच चित्रपटात ते निःशंकपणे ठुमरीकडे वा लोकगीताकडे वळत. अमेरिकेत रॉक अँड रोलने पिढ्यांमध्ये व वर्णांमध्ये जो संघर्ष उभा केला, तोही येथे त्या स्वरूपात उद्भवला नाही. चित्रपटाच्या द्वारे आल्यामुळे हे संगीत भारतात तरुणांचे वेगळे बंड न बनता आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र ऐकावयाचे गाणे बनले. यात त्याची धार काहीशी बोथट झाली. पण जे संगीत अन्यथा महानगरातील मूठभर नृत्यगृहांपुरते राहिले असते, ते जत्रेतल्या ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचले.

चितळकरांच्या स्मृतीकडे पाहण्याच्या दृष्टीतही हे द्वैत आढळते. औपचारिक गौरवाच्या प्रसंगी त्यांचे देशभक्तिपर गीत व ‘अनारकली’ मधील गीते आठवली जातात. नाचरी गीते मात्र त्यांच्या नावाविना लोकांत फिरत राहतात. भगवान यांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटाने या मैत्रीची व त्या संगीताची नव्या पिढीला ओळख करून दिली. अभिजात शिक्षण, मराठी संस्कार, गोमंतकीय वादकांचे कसब व अमेरिकी कृष्णवर्णीयांची लय यांचा जो संगम १९४० ते १९६० या दोन दशकांत मुंबईत घडला, त्याचे सर्वांत मोकळे व प्रसन्न रूप चितळकरांच्या संगीतात आढळते. त्या संगमातील प्रत्येक प्रवाहाचे ऋण नोंदविल्याखेरीज त्यांच्या कार्याची नोंद पूर्ण होत नाही.